कंटाळवाण्या चॅम्पियनची वकील

वारूळवाडीच्या रस्त्याला, संपतच्या टायरच्या दुकानाला खेटून द्रौपदाची चहा-भज्यांची टपरी आहे. भजी बरी असतात, चहा जरा गोडच असतो. पण रविवारी सकाळी तिथं जी चार टाळकी जमतात ती खायला नव्हे, भांडायला जमतात. आणि भांडण राजकारणाचं नाही की टोमॅटोच्या भावाचंही नाही. जगातला सगळ्यात भारी हेवीवेट बॉक्सर कोण आणि कुणाची फाइट बघताना जास्त मजा येते, यावरून तिथं आवाज चढतात. जुन्नर तालुक्यात हे खूळ कुठून आलं, असं कुणी विचारलं की संपत कढईमागं पाटावर बसलेल्या हनुमंताकडे बोट दाखवतो.

हनुमंत हा द्रौपदाचा नवरा. सोळा वर्षं लष्करात होता, त्यातली अकरा पलटणीच्या बॉक्सिंग टीममध्ये. दारातून आत येताना वाकावं लागेल असा गडी. निवृत्त होऊन आला तेव्हा त्यानं ट्रंकेतून कपडे कमी आणि जुन्या फाइटींच्या कॅसेटी जास्त आणल्या होत्या. पुढं मोबाइल आला आणि सगळ्या जगातल्या फाइटी त्या एवढ्याशा काचेत आल्या. लोणच्याच्या बरणीला फोन टेकवून नवरा-बायको दोघं बघत बसायचे. द्रौपदा आधी नुसती सोबत म्हणून बसली. मग तिला त्यातलं कळायला लागलं, आणि एकदा कळायला लागल्यावर ती गप्प बसणारी बाई नव्हे.

संपतचा देव टायसन. स्पिंक्सला टायसननं कसा झोपवला ते संपतनं किती वेळा पाहिलं असेल याचा हिशेब नाही. "एक्क्याण्णव सेकंद, वैनी," तो म्हणायचा, "तुमचा एक घाणा तळून निघत न्हाई तेवढ्यात काम फत्ते. याला म्हणायचं चॅम्पियन."

दुसरे भिमाजी तात्या. हे द्रौपदाच्या माहेरचे. त्या गावाचं नाव इथं घ्यायला नको, तिथली माणसं लगेच मनाला लावून घेतात. तात्या तरुणपणी मातीतले पैलवान, आणि आता वीस वर्षं गावच्या जत्रेत आखाड्याचे पंच. टोमॅटोची गाडी बाजारात लावली की परतताना टपरीवर टेकायचे. त्यांना अली आणि फ्रेझियरची मनिलाची फाइट पसंत होती. चौदा फेऱ्या, दोघंही निम्मे मेलेले, तरी हटायला तयार नाहीत. "त्याला झुंज म्हणत्यात," तात्या मिशीवरून हात फिरवत म्हणायचे, "बघणाऱ्याचं रगत सळसळलं पायजे."

आणि द्रौपदाचा चॅम्पियन कोण, तर क्लिचको. दोन भावांतला धाकटा.

हे नाव निघालं की बाकावर हसू फुटायचं. ज्यांनी बॉक्सिंग थोडंफार पाहिलंय त्यांना ठाऊक आहे, हा उंचच उंच गडी डावा हात लांब धरून समोरच्याला टोचत राहायचा, आणि समोरचा फार जवळ आला की त्याला मिठी मारायचा. पंचांनी सोडवलं की पुन्हा टोचणी सुरू. असं नऊ वर्षांच्या वर.

"ती फाइट हाय का भरतभेट?" संपत विचारायचा.

"नऊ वरसं पट्टा कंबरेचा सुटला न्हाई त्याच्या," द्रौपदा झारा हलवत म्हणायची. "आधी तीनदा चांगला आपटला व्हता. मग शहाणा झाला. तुमच्या टायसनला ते जमलं न्हाई."

"पण बघणाऱ्याला कंटाळा येतो, वैनी."

"मग बघणाऱ्यानं घरी झोपावं. न्हाईतर आत उतरावं."

तात्यांना ती म्हणायची, "आन तुमच्या त्या मनिलात खरा शहाणा कोण व्हता सांगू? पंधराव्या फेरीला फ्रेझियरला जागचं उठू दिलं न्हाई तो त्याच्या कोपऱ्यातला म्हातारा वस्ताद." तात्या यावर चहा मागवायचे.

लोक म्हणत, बाई हट्टी आहे, उगाच उलटी बाजू घेते. बाई हट्टी आहे हे खरंच. पण ती कंटाळवाण्या चॅम्पियनची वकिली का करते, हे त्या बाकावरच्या कुणी तिला कधी विचारलं नाही. कारण तिच्या मागंच पाटावर बसलं होतं, आणि सगळे रोज त्याला रामराम घालत होते.

लग्नानंतर दुसऱ्या वर्षी द्रौपदा छावणीत राहायला गेली होती. तिथं तिनं नवऱ्याची एक फाइट पाहिली, आयुष्यात एकच. हनुमंत दोन्ही हात खाली सोडून, हनुवटी पुढं काढून, हसत हसत समोरच्याच्या अंगावर चालत गेला. तीन खायचा, एक द्यायचा. पण तो एक असा द्यायचा की हॉल शिट्ट्यांनी दणाणून जायचा. शेवटी समोरचा पडला. एका साहेबाच्या बायकोनं द्रौपदाचा हात धरून म्हटलं, "आपके पति तो मज़ा ला देते हैं." द्रौपदा त्या दिवशी फुलून गेली होती. आल्यागेल्याला दोन दिवस ती हेच सांगत होती. आज ते आठवलं की तिला स्वतःच्या तोंडात मारून घ्यावंसं वाटतं.

कारण आता छप्पन्नाव्या वर्षी हनुमंताचा हात कपाला लागला की कप वाजतो. चहात तो दोनदा साखर टाकतो, म्हणूनच टपरीवरचा चहा गोड. एकदा नारायणगावच्या स्टँडवर दूध आणायला गेला आणि आळेफाट्याच्या बाजूला रस्त्याकडेला उभा सापडला, कुठं जायचं ते आठवेना म्हणून. एकच गोष्ट तो पाच पाच मिनिटांनी विचारतो. पुण्याच्या डॉक्टरनं फिल्म दिव्यापुढं धरून सांगितलं, डोक्याला मार बसत गेलाय, थोडा थोडा, पुष्कळ वर्षं. द्रौपदानं विचारलं, "किती बसले असत्याल?" डॉक्टर म्हणाला, ते कुणी मोजलेलं नसतं.

हे शब्द तिच्या डोक्यातून गेले नाहीत. जिंकलेल्या ढाली घरात आहेत, तारखा घातलेल्या. खाल्लेल्या ठोशांची नोंद कुठंच नाही. आणि भजी खायला येणारा जो तो म्हणतो, हनुमंतराव म्हणजे काय माणूस, मार खायचा पण मागं सरायचा न्हाई. हे ऐकलं की तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची. पण गिऱ्हाईक असतं, ती पुढचा घाणा सोडायची.

मुलगी तेजस्विनी बापावर गेली. तसेच खांदे, तसाच हात लांब. मंचरच्या कॉलेजात जायला लागली आणि बॉक्सिंग शिकते म्हणाली. द्रौपदानं तीन दिवस तिच्याशी अबोला धरला. चौथ्या दिवशी स्वतःच बापाचे जुने हातमोजे काढून तिच्यापुढं टाकले आणि अट घातली, "मारायचं कसं ते कोण बी शिकवील. तू आधी न लागायचं शिकायचं. डोक्यावर एक जरी वाजला, तर हे मोजे चुलीत."

आणि नवल असं की शिकवलं हनुमंतानंच. त्याला काल काय जेवलो ते आठवत नाही, पण पाय कसा सरकवायचा, डावा हात कसा धरायचा ते अंगात आहे. टपरीमागच्या मोकळ्या जागेत रोज संध्याकाळी बाप झाडू उलटा धरून पोरीच्या डोक्यावर मारायला बघायचा आणि पोरीनं चुकवायचं. चार वर्षांत तिच्या केसालाही झाडू लागेना. तेव्हा द्रौपदाला पहिल्यांदा वाटलं, या घरात काहीतरी शहाणपण उरलंय.

यंदा जत्रेच्या आधी भिमाजी तात्यांनी टपरीवर येऊन जाहीर केलं, "कमिटीला पटवलं म्या. कुस्त्या झाल्या की शेवटी पोरींची एक बॉक्सिंग. आपल्या गावची भाची तेजू, आन समोर पुण्याकडची मोहिनी. लई मारती म्हणत्यात. जी जिंकल तिला चांदीची गदा आन फेटा."

तात्यांनी हे मनापासून केलं होतं, त्यात खोट काढायला नको. द्रौपदाच्या आजोबांना याच आखाड्याच्या मातीला हात लावायची परवानगी नव्हती. बौद्धवाडीची माणसं लांब बांधावर उभी राहून कुस्त्या बघायची. त्याच मातीत तिची लेक आता गावाच्या नावानं उतरणार होती. द्रौपदानं एवढंच विचारलं, "तात्या, बक्षीस जी जिंकल तिला, का जी मजा आणल तिला?"

"जिंकल तिला," तात्या म्हणाले.

संपत मध्येच म्हणाला, "वैनी, पैज. तुमची तेजू क्लिचकोवानी टोचाटोची करणार आन लोकं उठून जाणार. मी स्वतः मोजणार, मोहिनीचे किती लागले ते. आन मग रविवारी कबूल करायचं, आपला चॅम्पियन फालतू."

"मोज," द्रौपदा म्हणाली. "दोघींचे मोज."

जत्रेच्या दिवशी आखाड्यावर मुंगीला शिरायला जागा नव्हती. चार कोपऱ्यांना बांबू रोवून, दोर बांधून रिंग केली होती आणि मातीवर ताडपत्री ताणली होती. कुस्त्या झकास झाल्या होत्या. चितपट झाली की हलगी कडाडायची, पोरं फेटे उडवायची. लोक अशा तयारीत होते, की आता पोरीही एकमेकींना आडव्या करतील.

मोहिनी आली ती वाघिणीसारखी. पहिल्याच झपाट्यात तिनं असा उजवा फिरवला की बसला असता तर गोष्ट तिथंच संपली असती. तेजस्विनी अर्धं पाऊल मागं झाली. ठोसा हवेतून गेला आणि मोहिनीच्या नाकावर डावा टेकला. जोरात नाही, नुसता टेकला. पुन्हा मोहिनी आली, पुन्हा टेकला. जवळ भिडली की तेजस्विनी तिच्या हाताला हात गुंतवून थांबायची, पंच म्हणून तात्या सोडवायचे. पहिल्या फेरीभर हेच चाललं. दुसऱ्या फेरीला लोक कुजबुजायला लागले, मग ओरडायला.

"पळती काय, मार की."

"फुगडी घालाय आल्यात का?"

"पैलवानांच्या जत्रंत हे काय आणलंय राव?"

हलगीवाला मुद्दाम रडका ताल वाजवू लागला. त्यावर हशा पिकला. दोराबाहेर बसलेली द्रौपदा दातांवर दात दाबून बसली होती. शेजारी हनुमंत. गर्दी बघून, शिट्ट्या ऐकून त्याचे डोळे चमकायला लागले होते. कितीतरी वर्षांनी त्याला आपण कुठं आहोत ते नेमकं आठवलं होतं. त्याला वाटलं, छावणीतला हॉल भरलाय.

तिसरी, शेवटची फेरी सुरू झाली आणि तो ताडकन उभा राहिला. "हात सोड," तो ओरडला, आणि त्याचा आवाज अजूनही पलटणीचा होता. "हात खाली सोड तेजू. जा पुढं. लोकास्नी दाखव."

लोकांनी त्याला ओळखलं. हनुमंत, हनुमंत असा गलका झाला. आणि रिंगमध्ये तेजस्विनीनं एकदा बापाकडे पाहिलं, एकदा लोकांकडे, आणि तिचे हात खाली जायला लागले. आधी छातीशी, मग पोटाशी. हनुवटी पुढं आली. ओठांवर तेच हसू आलं, जे द्रौपदानं छावणीत पाहिलं होतं. शिट्ट्यांनी आकाश फाटलं.

द्रौपदा उठली, दोराखालून वाकून ताडपत्रीच्या कडेला गुडघ्यावर बसली आणि बोलली. ती ओरडली नाही. भज्यांचा घाणा काढताना पोरीला कांदे आण म्हणते, त्या आवाजात ती म्हणाली, "तेजू. झाडू आला."

मोहिनीचा उजवा निघालाच होता. तेजस्विनीचं डोकं आपोआप खाली गेलं, ठोसा वरून गेला. हात परत हनुवटीशी आले आणि डावा पुन्हा जाऊन टेकला. शेवटची घंटा होईपर्यंत लोक शिव्या देत राहिले आणि ती टेकवत राहिली.

आता भिमाजी तात्या मधोमध आले. त्यांच्या हातात माइक होता आणि चेहऱ्यावर घाम. या आखाड्याचा रिवाज जुना आहे. पाठ लागली तर कुस्ती निकाली. कुणाचीच पाठ लागली नाही, तर बरोबरीत सोडवायची, दोघांनाही फेटे बांधायचे आणि गदा देवळात ठेवायची, पुढच्या वर्षापर्यंत. बॉक्सिंग ठरवताना गुण कोण मोजणार, हे कमिटीतल्या एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. कशाला येईल? मातीत कुणी गुण मोजत नाही.

"कुणी पडलं न्हाई," तात्या माइकवर म्हणाले. "कुस्ती बरोबरीत." आणि त्यांनी दोघींचेही हात वर केले.

लोक पांगायला लागले. तेजस्विनीनं मान खाली घातली. एका माणसानं तिच्यापुढं गुलाबी फेटा धरला, तो द्रौपदानं मधेच घेतला.

"तात्या, ही कुस्ती नव्हती."

"आखाडा कुस्तीचा हाय, द्रौपदे," तात्या हळू आवाजात म्हणाले. माइक चालूच होता, ते सगळ्यांना ऐकू गेलं. "निकाली झाली न्हाई, म्या काय करू?"

तेवढ्यात संपत दोराखालून आला. त्याचा डावा तळहात पेनाच्या रेघांनी भरला होता, मनगटावरही रेघा चढल्या होत्या. तोंड पडलं होतं त्याचं. "तात्या, मी मोजलंय," तो म्हणाला. "तेजूचे त्रेचाळीस. हिचे..." त्यानं मोहिनीकडे पाहिलं. मोहिनी तोंडातलं गार्ड काढून सरळ म्हणाली, "एकपण नाही लागला. चार वर्षं खेळते, असं कधी झालं नव्हतं."

"ते मोजणं आपल्यात नसतं," तात्या म्हणाले. "रिवाज मोडायचा अधिकार मला न्हाई. आन खरं सांगू का पोरी, लोकास्नी मजा बी आली न्हाई. तुझ्या नवऱ्याची फाइट कशी असायची..."

द्रौपदानं त्यांच्या हातातला माइक काढून घेतला. ती माइकवर आयुष्यात कधी बोलली नव्हती.

"माझ्या मालकानं अकरा वरसं लोकांची करमणूक केली," ती म्हणाली. "समद्या निकाली. त्या निकालासंगं मी रोज ऱ्हाते. त्याला जेवलास का विचारावं लागतं, कारण त्याला ठावं नसतं. त्याला किती बसले ते कुणी मोजलं न्हाई, कारण ते मोजणं तवा बी तुमच्यात नव्हतं. आज माझ्या लेकीचं मोजलंय. शून्य. तुमास्नी कंटाळा आला आसंल तर येऊ द्या. तो कंटाळा मी चार वरसं राबून कमावलाय. बरोबरीचा फेटा आमाला नको, आन गदा ठेवा देवळात."

तिनं फेटा घडी करून तात्यांच्या टेबलावर ठेवला, वर माइक ठेवला, आणि लेकीचा उजवा हात धरून स्वतःच वर केला. वर धरूनच ठेवला. हलगी वाजली नाही. थोड्या शिट्ट्या झाल्या, चेष्टेच्याच होत्या. मोहिनीनं मात्र दोन मोजे एकमेकांवर आपटून टाळी वाजवली, आणि बौद्धवाडीच्या बाया बांधावरून उठून दोराशी आल्या. तात्यांनी निकाल बदलला नाही. कमिटीच्या वहीत आजही बरोबरीच लिहिलेलं आहे.

ऊन उतरणीला लागलं तेव्हा संपतच्या पिकअपमध्ये बसून सगळे निघाले. पुढं संपत आणि द्रौपदा, मागं हौद्यात बाप-लेक. संपत म्हणाला, "वैनी, रविवारी क्लिचकोची एक फाइट लावू. नीट बघतो मी." द्रौपदा हूं म्हणाली. तिचं लक्ष मागं होतं. मधल्या काचेची पट्टी उघडी होती आणि हौद्यातलं बोलणं ऐकू येत होतं.

"तेजू, फाइट झाली का गं?"

"झाली, पप्पा."

"कुठं लागलं का?"

"न्हाई पप्पा. कुठंच न्हाई."

हनुमंतानं तिची हनुवटी धरून चेहरा उन्हाकडे वळवला, दोन्ही बाजूंनी नीट पाहिला आणि समाधानानं मान हलवली. गाडी ओढा ओलांडून पुढं आली. पाच मिनिटं झाली नसतील, त्यानं पुन्हा विचारलं, "तेजू, कुठं लागलं का?"

"न्हाई पप्पा. कुठंच न्हाई."

वारूळवाडी येईपर्यंत त्यानं तो प्रश्न अकरा वेळा विचारला. एरवी त्याच्या त्याच त्याच विचारण्यानं द्रौपदाचं डोकं उठतं. त्या दिवशी ती काचेच्या पट्टीला कान लावून बसली होती, आणि बाराव्यांदा त्यानं विचारायच्या आतच टपरी आली म्हणून तिला वाईट वाटलं.